तंगाची दुसरी ओढ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगायची गरज पडली नाही, तिला सगळं ठाऊक होतं. बाकीच्यांना सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. आता बायको गेली. म्हंजे ठाऊक असणारा मी एकटाच उरलो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणूनच तुमच्यापाशी तोंड उघडतोय. शाळा माझी चौथीपर्यंत. लिहिताना चुकलं तर तसंच वाचा.

माझं नाव म्हादू. लोक म्हादबा म्हणतात. शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या शिवेला लागून आमची वस्ती. आमची माणसं मूळची मेंढरांमागं फिरणारी. दिवाळी झाली की वाडा, म्हंजे आमचा अख्खा तांडा, कोकणाकडं निघायचा आन् सगळं बिऱ्हाड घोड्यांवर — भांडी, घोंगड्या, कोंबड्या, तान्ही पोरं. लहानपणी मीपण चालत फिरलो. पुढं बापानं जमीन घेतली, मेंढरं कमी झाली, आम्ही एका जागी बसलो. पण घोड्याची पाठ कळायची ती कळतच राहिली. त्यावरच मी नाव काढलं. शिरूरपासून दौंडपर्यंत ज्याच्या दारात घोडी असेल तो म्हणायचा, खोगीर बसवायचं तर म्हादबाला बोलवा.

खोगीर बसवणं म्हंजे नुसतं पाठीवर टाकणं नव्हे. थोडं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खोगीर जरा पुढं ठेवून मागं सरकवत आणायचं, म्हंजे खालचे केस सरळ बसतात. मग मागं उभं राहून बघायचं — खोगिराच्या मधोमध, कण्याच्या वर, आरपार उजेड दिसला पाहिजे. दिसला नाही तर भार हाडावर आला, आन् दोन दिवसांत पाठ फुटली म्हणून समजा. त्यानंतर तंग. तंग म्हंजे पोटाखालून जाणारा पट्टा. सगळं खोगीर त्याच्या जोरावर. तो पुढच्या पायाच्या कोपरापासून चार बोटं मागं बसला पाहिजे, आन् कसल्यावर दोन बोटं आत सरली पाहिजेत. तीन सरली तर ढिला. एकच सरलं तर जनावर गुदमरलं.

पण मेख वेगळीच आहे. घोडी शहाणी असते. तंग कसायला घेतला की ती श्वास भरून पोट फुगवते. तुम्हाला वाटतं घट्ट झाला. वीस-तीस पावलं चालली की श्वास सोडते आन् तंग ढिला पडतो. म्हणून तंग दोनदा ओढायचा असतो. एकदा ओढायचा, घोडी फिरवायची, पुन्हा ओढायचा. ती दुसरी ओढ हाच खरा तंग, पहिली नुसती तोंडदेखली. हे मी किती जणांना शिकवलं असेल! शिकवताना माझा आवाज कधी अडखळला नाही. का अडखळला नाही, हे मलाच कधीकधी नवल वाटतं.

गावात आप्पा म्हणून मोठे बागायतदार. सोसायटी त्यांच्या हातात, आन् नाद बैलगाड्याचा. आमच्याकडच्या शर्यती बघितल्या नसतील तर सांगतो. चढाची धावपट्टी असते, तिला घाट म्हणतात. हलका गाडा, त्याला चार बैल, गाड्यावर माणूस नाही. बैलांच्या पुढं एक घोडी आन् घोडीवर स्वार. घोडी सुटली की तिच्यामागं बैल जीव खाऊन सुटतात. स्वार जर मधेच पडला — तर मागून काय येतं, ते तुमचं तुम्हीच डोळ्यांपुढं आणा.

आप्पांच्या घोडीचं नाव हरणी. स्वार आप्पांचा धाकटा भाऊ बबन. तवा तिशीच्या आत होता, सणसवाडीला कंपनीत लागला होता. यात्रेच्या दिवसांत कुणाशी तरी शिफ्ट बदलून यायचा आन् कंपनीच्या निळ्या शर्टातच घोडीवर बसायचा. मला मामा म्हणायचा. तोंडाचा मोठा. मी तंग कसायला लागलो की हरणीच्या कानात म्हणायचा, "फुगव गं बाई, फुगव. मामाला वाटू दे आपुन लई हुशार हाय म्हणून." सगळे हसायचे. मीपण हसायचो.

आन् माझी बायको भागा. तिच्याबद्दल सांगायचं म्हटलं की हात जड होतो. पण तिच्याशिवाय ही गोष्टच नाही.

भागाचं माहेर दौंड तालुक्यात, पाटसच्या पुढं. तिची माणसं आमच्यापेक्षा जास्त वर्षं फिरली. आमच्यात बिऱ्हाड लादायचं काम बायकांचं. गडी मेंढरं घेऊन पुढं जातात, बाया मागं राहून चुली विझवतात, सामान बांधतात, घोड्यांवर चढवतात आन् तंग ओढतात. माझ्या आईनं ओढले, आजीनं ओढले, भागानं दहा वर्षांची असल्यापासून ओढले. आता तुम्ही म्हणाल, बाईमाणसाच्या महिन्याच्या चार दिवसांचं काय? तर माळावर कुठं बाहेर बसणार? बिऱ्हाड निघालं की निघालं. विटाळ असो नसो, तंग बाईच ओढायची, आन् आमच्या कुठल्या घोड्याचं त्यानं कधी काही बिघडलं नाही. हे मला ठाऊक होतं. हे नीट ध्यानात ठेवा — मला हे ठाऊक होतं.

खरं तर माझ्या नावातलं अर्धं नाव तिचंच. घोडी पळून आली, खोगीर काढलं, की भागा घाम बघायची. सगळी पाठ ओली आन् मधेच एखादा कोरडा डाग दिसला तर तिथं बोट ठेवायची. "हितली मूठभर लोकर काढा, दाबतंय." मी काढायचो. लोक म्हणायचे, म्हादबाचा हात लागावा तर असा. मी ऐकून घ्यायचो. पण ही चोरी लहान. ही सांगायला मी बसलेलो नाही.

नव्वद साल उलटून गेलं होतं. माझं वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, भागा माझ्याहून दहा वर्षांनी लहान. थोरल्या लेकीचं, सुमनचं, लग्न होऊन गेलं होतं आन् तिला दिवस गेले होते. होळीनंतर एकदा भागा माझ्याजवळ येऊन बसली, पण वर बघेना. मला वाटलं पैसे हवेत. मग म्हणाली, मलापण गेलेत. दोन महिने वर झाले होते. लेक बाळंतपणाला माहेरी येणार आन् आईचंच पोट पुढं — लाजेनं तिचा जीव अर्धा झाला होता. "कुणाला बोलू नगा," म्हणाली. "दिसंल तवा दिसंल." मी कुणाला बोललो नाही. तिला आन् मला, दोघांनाच माहीत.

चैत्रात गावची यात्रा. आदल्या दिवशी दुपारी भागा अंगणात खोगीर मांडीवर घेऊन बसली होती. उन्हाळ्यानं हरणी सुकली होती, पाठीवरचं मांस उतरलं होतं, खोगीर हलायला लागलं होतं. भागानं खालून लोकरीचा एक थर वाढवला आन् दाभणानं टाके घातले. बबनची बायको इंदू त्या वेळी विरजण मागायला आली होती. तिनं ते बघितलं, दोघी दोन शब्द बोलल्या, इंदू गेली. मी बाजेवर पडून होतो. भागा म्हणाली, "घोडी बारीक झालीया. तंग एक भोक वर घ्या. आन् फिरवून पुन्हा ओढा, इसरू नगा."

"आता तू मला शिकिव," मी म्हणालो.

"तुमाला कोण शिकिवणार, माझे आई!" म्हणून हसली आन् दाभण डोक्यातल्या अंबाड्यात खोचून आत गेली.

दुसऱ्या दिवशी घाटावर मी खोगीर ठेवलं. मागून बघितलं, उजेड दिसत होता. भागाचं काम चोख होतं — हे मी आज लिहून ठेवतो, कारण त्या दिवशी बोललो नाही. तंग एक भोक वर घेऊन ओढला. पहिली ओढ. हरणीनं नेहमीसारखं पोट फुगवलं. आमच्या बारीला अजून वेळ होता, म्हणून म्हटलं, जरा थांबून फिरवू.

आन् तेवढ्यात माइकवर माझं नाव आलं.

तुम्ही हसाल. यात्रा कमिटीनं ठरवलं होतं की त्या वर्षी गाड्यांच्या मालकांबरोबर घोडीच्या माणसांचाही सत्कार करायचा. फेटा, नारळ, शाल. माइकवरचा माणूस ओरडत होता — दोन तालुक्यांत ज्याच्या हाताला तोड नाही असे आपले म्हादबा, त्यांनी स्टेजवर यावं! आयुष्यात माझं नाव भोंग्यातून कधी आलं नव्हतं. मेंढरांमागं फिरलेल्या माणसाचं नाव कशाला येतंय भोंग्यातून? मी गेलो. नुसता गेलो नाही, पळत गेलो.

फेटा बांधणारा सावकाश बांधत होता. म्हणाला, मान हलवू नका. मी मान हलवली नाही. तसाच उभा असताना ऐकलं की आमच्या पुढच्या गाड्याचे बैल अडले, तो गाडा बाद झाला, आन् आप्पांची बारी लागली. नारळ हातात पडला. शाल अजून यायची होती. मी शालीसाठी थांबलो. होय, थांबलो.

खाली आलो तर हरणी घाटाच्या तोंडाशी उभी. गड्यांनी तिला तिथवर चालवत नेलं होतं, म्हंजे तिनं श्वास सोडलेला. बैल जुंपलेले, झेंडेवाला हात वर करायच्या बेतात. बबन खोगिरावर. मला बघून म्हणाला, "आयला मामा, नवरदेव झालात की! मामीला बोलवायचं का अक्षता टाकायला?" आन् मग जरा खाली वाकून, हळू आवाजात, "तंग बघितला ना?"

मी म्हणालो, "बघितला. जा."

का म्हणालो? पोटाखाली हात घालून एक ओढ द्यायची — मनात वीस आकडे म्हणायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागत नाही. पण फेटा नवा होता. सगळा घाट माझ्याकडं बघत होता. आत्ताच ज्याला भोंग्यातून शाबासकी मिळाली त्यानं सगळ्यांदेखत घोडीखाली वाकायचं, म्हंजे काम अर्धं राहिलं होतं हे दाखवायचं. बस, एवढंच होतं कारण. दुसरं काही शोधलं तरी सापडत नाही.

झेंडा पडला. हरणी सुटली, बैल सुटले. घाटाचा अर्धा चढ झाला असेल. खोगीर डावीकडं कलंडलं, बबन त्याच्याबरोबर गेला. बैल चौखूर येत होते. दोन बैल त्याच्यावरून गेले आन् गाड्याचं चाक त्याच्या उजव्या गुडघ्यावरून गेलं. मी लांब होतो. लांबून ते फार मोठं दिसलं नाही. धूळ दिसली आन् माणसं धावताना दिसली.

बबनला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. घाटावर आप्पा, यात्रेतली म्हातारी माणसं आन् मी असे उरलो. हरणीला कुणीतरी धरून आणलं. खोगीर तिच्या पोटाखाली लटकत होतं. आप्पांनी मला विचारलं. ओरडले नाहीत, नुसतं विचारलं. "म्हादबा, तंग तू कसला व्हतास?"

"व्हय."

"मग फिरलं कसं?"

आता इथं मी थांबू शकत होतो. "आप्पा, दुसरी ओढ दिली न्हाई" — एवढंच वाक्य. ते तोंडात आलंपण होतं. मला वाटतं आलं होतं. पण डोक्यावर फेटा, काखेत शाल, आन् सगळ्यांच्या नजरा. देवळाचे एक म्हातारे पुजारी होते, ते आप्पांना म्हणाले, खोगिराला कुणाचा अवचित हात तर लागला नाही? यात्रेचं जनावर, सोवळं राखावं लागतं. त्यांनी ते सहज विचारलं. बोट माझ्या बायकोकडं दाखवलं नव्हतं. ते मी दाखवलं.

मी म्हणालो, "काल घरातलीनं खोगिराला टाके घातले. ती बाहेरची हाय. मी नगं म्हणालो व्हतो."

तीन वाक्यं. पहिलं खरं. दुसरं खोटं. तिसरंपण खोटं, आन् ते कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. ते मी वरनं घातलं.

सगळ्यांना लगेच पटलं. मला वाटलं होतं दोन-चार प्रश्न येतील. एकपण आला नाही. इंदूनं आदल्या दिवशी डोळ्यांनी बघितलं होतं, मग शंका कशाला राहील? आन् भागा पोटुशी होती, तिला विटाळ कुठला — हे माहीत असणारा घाटावर मी एकटाच होतो.

घरी गेलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. भागा दारात उभी होती. रडत नव्हती. मी तिला म्हणालो, चार दिवस पडवीत बस, शिवू नको कशाला. लोक बघायला येतील.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आन् पोटातलं?"

"ते पुढचं पुढं बघू."

ती पडवीत जाऊन बसली. माझं खोटं खरं दिसावं म्हणून चार दिवस ती वेगळं ताट, वेगळा तांब्या घेऊन बसली. शेजारच्या बाया येऊन लांबून बघून जात होत्या. आठ दिवसांनी आप्पांच्या घरच्यांनी निरोप पाठवला. भागानं ओल्या लुगड्यानं देवळाला पाच फेऱ्या घालायच्या आन् पायरीला नाक घासायचं. घातल्या. घासलं. मी शेजारी हात जोडून उभा होतो. इंदू देवळाच्या ओट्यावरून म्हणाली, "घास अजून. माझ्या नवऱ्याचा गुडघा यील का त्यानं?" भागानं पुन्हा नाक टेकवलं. नाकावरची साल निघाली होती. तवा तिला तिसरा महिना चालू होता.

बबनचा गुडघा नंतर कधी वाकला नाही. कंपनीनं त्याला परत घेतलं नाही. घरच्या गुरांपाशी बसून असायचा. आप्पांनी हरणी दौंडला एका वरातीवाल्याला देऊन टाकली.

मग पोटाचं काय झालं? तुम्ही महिने मोजत असाल. मीपण मोजत होतो, पडल्या पडल्या. चैत्रात ती बाहेरची होती असं मी साऱ्या गावाला सांगून बसलो होतो. म्हंजे दिवस गेले तर त्यानंतरच गेले पाहिजेत. पूर्ण दिवस भरून पोर झालं तर ते कार्तिकात होणार, आन् गावाच्या हिशेबानं कार्तिकात सातच महिने भरणार. बायकांना हे बोटांवर येतं. त्यांनी मोजलं असतं तर एक तर मी खोटा ठरलो असतो, नाहीतर — नाहीतर त्याहून वाईट काहीतरी भागाच्या माथी बसलं असतं.

यातून वाट तिनंच काढली. आषाढात माहेरी गेली, दिवाळी झाली तरी परत आली नाही. सुमनचं बाळंतपण तिच्या सासूनं केलं. एवढ्यावरनं लेक चिडली ती बरीच वर्षं नीट बोलली नाही. कार्तिकात पाटसकडून निरोप आला, सातव्या महिन्यात मुलगा झाला, अपुऱ्या दिवसांचा आहे, पण जगेल. मी बघायला गेलो. पोर चांगलं गुटगुटीत होतं. नखं वाढलेली, डोक्यावर हे एवढं जावळ. माझी सासू बाहेर बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सातव्या म्हयन्यात असली नखं मी जल्मात बघितली न्हाईत, जावई. तुमच्याकडं येत्यात व्हय?" मी पाणी पिऊन उठलो.

मुलाचं नाव किसन. भागानं त्याला दोन वर्षं अपुऱ्या दिवसांच्या पोरासारखं वाढवलं. उन्हाळ्यातसुद्धा कानटोपी, कापसात गुंडाळून ठेवायचं, कुणाला उचलू द्यायचं नाही. लोकांना दाखवायला म्हणून ते सुरू केलं. पण पुढं पोर शाळेत जायला लागलं तरी ती त्याला धावू देईना, तालमीत जाऊ देईना. "सातव्या म्हयन्याचा हाय त्यो, दम लागंल." बोलून बोलून तिलाच ते खरं वाटायला लागलं होतं का? की मला ऐकवायला म्हणायची? मी कधी विचारलं नाही. किसन आता मोठा झाला. अंगानं चांगला आहे. पण जिना चढला की आपला आपण छातीवर हात ठेवतो.

भागा घोडीच्या सामानाला पुन्हा कधी शिवली नाही. यात्रेच्या दिवशी दार लावून आत बसायची. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येत नव्हतं. पाणवठ्यावर पोरीसोरी म्हणायच्या, भागाकाकू, आमची कळशी तेवढी कसून द्या की. हसायच्या. तीपण कधीकधी हसायची.

आन् माझं? माझं नाव वाढलं. हे सांगताना मला काही वाटत नाही, किंवा आता वाटेनासं झालंय. लोक म्हणायला लागले, म्हादबा सोवळ्याचा पक्का, स्वतःच्या बायकोचीपण गय केली नाही. दुसऱ्या गावचे गाडेवाले विचारायला यायचे. मी नियम सांगायचो — खोगीर, तंग, लगाम, कशालाही बाईमाणसाचा हात नको. हा नियम आमच्या बापजाद्यांत नव्हता. हा माझ्या तोंडातून निघाला, घाटावर, फेटा डोक्यावर असताना. पण दहा-बारा गावांत तो चालला. एकदा दौंडकडच्या एका गोठ्यात गेलो होतो. तिथली म्हातारी, आमच्यातलीच, मेंढरांमागं जन्म गेलेली. सवयीनं घोडीचा तंग सैल करायला पुढं झाली, तर तिच्या नातवानं तिच्या हातावर चापट मारली. "आजे, शिवू नगंस. म्हादबांचा नेम हाय." म्हातारीनं हात मागं घेतला आन् पदराला पुसला. मी तिथंच चहा पीत बसलो होतो.

दोन हजार दहा साल येऊन गेलं. भागाच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या दवाखान्यात तीन महिने काढले. मी जवळ बसून असायचो. एकदा दुपारी वॉर्डात कुणी नव्हतं. मी म्हणालो, भागे, त्या यात्रेचं —

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "च्या प्या, गार व्हतोय."

मी चहा प्यालो. तिनं सोडून दिलं की तिला ऐकायचंच नव्हतं, हे मला कळलं नाही. मी तेवढ्यावर सुटलो, एवढं मात्र कळलं. त्यानंतर बाराव्या दिवशी ती गेली.

तेराव्याला बबन आला. काठी टेकत, पाय ओढत. आता त्याचेपण केस पिकलेत. इतक्या वर्षांत तो आमच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. किसननं त्याला खुर्ची दिली. मंडपात पंगत बसली होती, भावकी होती, सुमन होती, माझ्या सासरचे होते. बबननं काठी खुर्चीला टेकवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा, एक बोलायचं व्हतं. मामीवर माझा राग व्हता. लई वर्सं व्हता, खोटं कशाला बोलू? पर आता ती गेली. माणूस हाय, चुकतं. मी माफ केलं तिला. तुमीबी मनात काय ठेवू नगा."

किसन उठला आन् बबनच्या पाया पडला. वाकून त्या न वाकणाऱ्या गुडघ्याला हात लावला. म्हणाला, "काका, लई मोठं मन हाय तुमचं. आईला आता शांती मिळंल."

सुमन डोळे पुसत होती. सगळे माझ्याकडं बघत होते.

मी म्हणालो, "बरं केलंस, बबन."

त्याला जेवायला वाढलं. मी स्वतः वाढलं. लाडू दोन वाढले, तो एकच खातो म्हणाला.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. बबनचं घर माझ्या घरापासून चार घरं पलीकडं आहे. सकाळी तो ओट्यावर पाय लांब करून बसलेला असतो. मी त्याच रस्त्यानं दूध घालायला जातो. रामराम म्हणतो. तोपण म्हणतो. आजपण म्हणाला.